गोड्या पाण्याच्या टाकीत वाळू: दाणा, थर आणि निगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ९० बाय ४५ सेंटिमीटर तळाची माशांची टाकी दोन-तीन वर्षं चालू आहे, तळाला ग्रॅव्हल, म्हणजे छोटे खडे, आहे. आता त्यात कोरीडोरास, म्हणजे तळाशी चरणारे छोटे मिशाळ मासे, ठेवायचे आहेत, म्हणून ग्रॅव्हल काढून वाळू घालायचा विचार आहे. पण वाळूत विषारी वायू साठतो, फिल्टर बिघडतो, झाडं वाढत नाहीत, असं बरंच कानावर आलंय. तर वाळू घालावी का, कुठली, किती, आणि चालू टाकीत ती बदलायची कशी?

वाळू घाला. कोरीडोराससाठी तर नक्कीच घाला. पण आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच उभे आहेत. ग्रॅव्हलच्या खड्यांमध्ये पोकळ्या असतात. विष्ठा, उरलेलं खाद्य, कुजलेली पानं त्या पोकळ्यांतून खाली उतरतात आणि नजरेआड होतात. वाळूचे दाणे एकमेकांना इतके खेटून बसतात की घाण खाली जातच नाही, वरच पडून राहते. त्यामुळे वाळूची निगा म्हणजे तिच्या पृष्ठभागाची निगा. ग्रॅव्हलच्या सवयी, म्हणजे जाड थर, सायफनची (गाळ ओढून काढायची) नळी तळापर्यंत खुपसणं, तळाखालचा प्लेट फिल्टर (खड्यांमधून पाणी खाली ओढणारा), वाळूला लावल्या की तक्रारी सुरू होतात. वाळूच्या नावावर खपणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला तिथेच सापडलं आहे.

कोरीडोरास वाळूत डोळ्यांपर्यंत तोंड खुपसतात, तोंडभर वाळू घेतात, खाण्याजोगं ठेवून घेतात आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतात. दिवसभर त्यांचा हाच उद्योग असतो. ग्रॅव्हलवर त्यांना तो करताच येत नाही. खड्यांच्या फटींत अडकलेलं खाद्य त्यांना वासानं कळतं, पण तिथवर तोंड पोचत नाही. ग्रॅव्हलमुळे त्यांच्या मिशा झिजतात असं सरसकट सांगितलं जातं. धारदार खडे हे एक कारण आहेच, पण माझ्या पाहण्यात त्याहून मोठं कारण आहे घाणेरडा तळ. कुजणाऱ्या गाळात सतत तोंड घालणाऱ्या माशाच्या मिशांना जिवाणूंचा संसर्ग होतो आणि त्या झडत जातात. म्हणून वाळू घातली आणि वरचा गाळ तसाच राहू दिला, तर मिशा वाळूवरही झडतील. उलट स्वच्छ तळावर मिशा बऱ्याचदा पुन्हा वाढतात.

वाळू ज्यांना खरोखर लागते असे मासे आणखीही आहेत. जिओफॅगस आणि सटानोपर्का जातीचे सिक्लिड वाळू चाळूनच खातात. कुहली लोच आणि काटेरी ईल अंग गाडून बसतात. गोड्या पाण्यातल्या स्टिंगरेच्या पोटाची कातडी नाजूक असते, त्यांना खडबडीत तळ चालत नाही. टांगानिका सरोवरातले शंखांत राहणारे छोटे सिक्लिड शंखाभोवतीची वाळू उपसून आपलं घर मांडतात. गोल्डफिशही तळ उपसत खातात. मध्यम आकाराचा खडा त्यांच्या तोंडात अडकण्याचा धोका असतो, वाळूत तो नसतो. नुसते टेट्रा, रासबोरा, गप्पी असतील तर वाळू की ग्रॅव्हल हा आवडीचा प्रश्न आहे, माशांच्या गरजेचा नाही.

आता दाणा. ०.५ ते १ मिलिमीटर, गोलसर कडा, सगळे दाणे साधारण सारखे. यापेक्षा बारीक, ०.२-०.३ मिलिमीटरची वाळू दिसायला सुंदर असते, पण फिल्टरच्या झोतानं उडते, घट्ट बसते आणि माशांनी ढवळली की पाण्यात तरंगत राहते. २ मिलिमीटरच्या पुढे घाण फटींत उतरायला लागते आणि वाळूचा फायदाच जातो. दाण्यांचा सारखेपणा लोक विसरतात. बारीक आणि जाड दाणे मिसळलेले असले की बारीक दाणे जाड दाण्यांमधली जागा भरून काढतात आणि थर दगडासारखा आवळतो. दुकानात पारखायची सोपी रीत म्हणजे मूठभर वाळू पेलाभर पाण्यात टाकून ढवळायची. चांगली वाळू काही सेकंदांत तळाला बसते. मिनिटभरानंतरही पाणी दुधाळ असेल तर त्यात धूळ किंवा माती जास्त आहे.

माझी पहिली पसंती जलतरण तलावाच्या फिल्टरसाठी किंवा पाणी शुद्धीकरणासाठी मिळणाऱ्या सिलिका वाळूला. ती चाळून वर्गवारी केलेली असते, दाणा साधारण ०.४ ते ०.८ मिलिमीटर असतो, धूळ कमी असते, आणि क्वार्ट्झ असल्यामुळे ती पाण्याचा पीएच किंवा कडकपणा बदलत नाही. घेताना पिशवीवर सिलिका किंवा क्वार्ट्झ लिहिलंय ना ते वाचा. त्याच कामासाठी झिओलाइट आणि काचेचा चुराही विकला जातो, तो नको. अ‍ॅक्वेरियमसाठी म्हणून विकली जाणारी नैसर्गिक वाळूही उत्तम. नदीची वाळू चालते, पण ती खूप धुवावी लागते आणि तिच्यात चुनखडी आहे का ते तपासावं लागतं. बांधकामासाठी दगड दळून केलेली वाळू कोरीडोराससाठी अजिबात घेऊ नका. तिच्या कडा धारदार असतात आणि तिच्यातली दगडाची भुकटी कितीही धुतली तरी संपत नाही. धातू घासायला वापरतात ती काळी स्लॅगची (धातू गाळताना उरणाऱ्या मळीची) वाळूही याच कारणानं मी तळाच्या माशांसाठी टाळतो. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते विरघळत राहतं आणि जीएच (पाण्याचा एकूण कडकपणा), केएच (कार्बोनेटचा कडकपणा) आणि पीएच तिन्ही वर जातात. मलावी आणि टांगानिका सरोवरांतल्या सिक्लिडना असं कडक पाणी मानवतं, मऊ पाण्यातल्या माशांना नाही.

चुनखडी ओळखायला चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाकतात. बुडबुडे आले तर कार्बोनेट आहे. पण व्हिनेगर सौम्य आम्ल आहे. डोलोमाइटसारखा खडक त्यात जेमतेम फसफसतो आणि चाचणी चुकीचा दिलासा देते. त्यापेक्षा भरवशाची चाचणी अशी: दोन बरण्यांत एकच मऊ पाणी घ्या, आरओचं मिळालं तर उत्तम. एकीत धुतलेली वाळू घाला, दुसरी तशीच ठेवा. आठवडाभरानं दोन्हींचा जीएच आणि केएच मोजा. फरक दिसला तर ती वाळू कोरीडोराससाठी नको. काळी वाळू घेत असाल तर चुंबकही फिरवून पाहा. काही काळ्या वाळूंत मॅग्नेटाइट असतं. ते फिल्टरच्या इम्पेलरमधल्या (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकातल्या) चुंबकाला चिकटतं आणि मोटर घासत राहते.

रंगाबद्दल एवढंच: पांढरीशुभ्र वाळू टाळा. तिच्यावर मासे फिकट दिसतात, प्रकाश खालून परावर्तित होतो, आणि प्रत्येक विष्ठा उठून दिसते. तपकिरी किंवा करड्या वाळूवर माशांचे रंग गडद होतात आणि ते निवांत राहतात.

थर किती? झाडं नसतील किंवा खडकावर-लाकडावर बांधलेलीच असतील तर ३ सेंटिमीटर पुष्कळ झाले. मुळं धरणारी झाडं लावायची असतील तर त्या भागात ५ ते ६. तुमच्या टाकीचा हिशेब करू. ९० गुणिले ४५ गुणिले ३ म्हणजे १२,१५० घन सेंटिमीटर, साधारण १२ लिटर. कोरडी वाळू लिटरला दीड किलोच्या आसपास भरते, म्हणजे १८ ते १९ किलो. ४ सेंटिमीटरसाठी २५ किलो. मागे उंच आणि पुढे उतरता थर लावायची हौस असेल तर लक्षात ठेवा, वाळूचा उतार टिकत नाही. पाणी आणि मासे मिळून काही महिन्यांत तो सपाट करतात. दगडांचा बांध घालून मागे वाळू अडवली तरच तो राहतो.

आता त्या विषारी वायूकडे येऊ, कारण लोक सगळ्यात जास्त त्यालाच घाबरतात. वाळूच्या वरच्या काही मिलिमीटरांत ऑक्सिजन असतो. खाली जावं तसा तो संपतो. मग तिथले जिवाणू श्वसनासाठी दुसरी द्रव्यं वापरतात आणि त्यांचा एक क्रम असतो: आधी नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, आणि त्यांच्याही पुढे सल्फेट. नायट्रेट वापरलं जातं तेव्हा निरुपद्रवी नायट्रोजन वायू तयार होतो. वाळूतून अधूनमधून निघणारे वास नसलेले बुडबुडे बहुतेक वेळा हेच असतात, किंवा झाडांचा ऑक्सिजन. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास येणारा वायू, सल्फेटपासून होतो आणि क्रमात तो शेवटी येतो. ही भीती मुख्यतः खाऱ्या पाण्याच्या टाक्यांमधल्या जाड थरांवरून आली आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असतं. पिण्याच्या गोड्या पाण्यात सहसा त्याच्या कितीतरी पट कमी. शिवाय हा वायू वर आला तरी ऑक्सिजन असलेल्या पाण्यात फार काळ टिकत नाही. ३-४ सेंटिमीटरच्या थरातून हळूहळू सुटणाऱ्या वायूनं चांगल्या हवेशीर टाकीतले मासे मरताना मी पाहिलेले नाहीत.

धोका मुळीच नाही असं मात्र नाही. हायड्रोजन सल्फाइड अत्यंत कमी प्रमाणातही माशांना घातक आहे. दहा-बारा सेंटिमीटरचा, वर्षानुवर्षं न हललेला, खाली भरपूर कुजकट गाडलेला थर एका दमात ढवळला, मासे आत असताना, तर मासे मरू शकतात. मोठा दगड उचलताना त्याच्याखाली हीच परिस्थिती असते. काचेतून वाळूत काळा पट्टा दिसला तर तो आयर्न सल्फाइडचा असतो. तिथे सल्फाइड तयार होतंय एवढं तो सांगतो, पण तो पट्टा स्वतः विष नाही, हवेला उघडा पडला की तपकिरी होतो. पातळ पट्टा एखाद्या कोपऱ्यात असेल तर मी त्याला हात लावत नाही. तो पसरत पृष्ठभागाजवळ येत असेल तर खाद्य जास्त पडतंय, किंवा वाळूखाली काहीतरी कुजतंय. अशा वेळी पाणी बदलताना थोडा थोडा भाग सायफनखालीच मोकळा करायचा, म्हणजे सुटलेलं सगळं थेट बाहेर जातं.

दर आठवड्याला काडीनं सगळी वाळू ढवळा, हा सल्ला तुम्हाला मिळेल. पातळ थरात कोरीडोरास स्वतःच वरचा सेंटिमीटर सतत हलवत असतात, तुम्हाला काडी लागत नाही. मासे जिथे पोचत नाहीत, दगडांच्या मागे किंवा हीटरखाली, तेवढ्याच जागी बोटानं वरचा थर मोकळा करा. मलेशियन ट्रंपेट गोगलगाई हे काम आणखी चांगलं करतात. दिवसा वाळूत पुरलेल्या असतात, रात्री वर येतात, आणि थर आतून हलता ठेवतात. त्या वाढतात फार, पण ही वाढ खाद्याच्या प्रमाणात असते. रात्री दिवा लावल्यावर काच भरून गोगलगाई दिसल्या तर खाद्याचा हात आवरा.

साफसफाई ग्रॅव्हलपेक्षा सोपी आहे, फक्त हाताला वेगळं वळण लागतं. सायफनचं तोंड वाळूत खुपसायचं नाही. वाळूच्या एक-दोन सेंटिमीटर वर ठेवून सावकाश गोल फिरवायचं. गाळ हलका असतो, तो उठून नळीत जातो. थोडी वाळू वर उठली तर नळी बोटांनी दाबायची, प्रवाह मंदावतो आणि वाळू खाली पडते. रुंद आणि उंच तोंडाचा सायफन घ्या. अरुंद नळी वाळू बादलीत ओतते. गेलीच थोडी बादलीत, तर धुऊन परत टाकता येते.

फिल्टरचं पाणी ओढणारं तोंड वाळूपासून निदान ५-७ सेंटिमीटर वर ठेवा आणि त्याला स्पंज लावा. वाळूचा कण इम्पेलरमध्ये गेला की आधी खरखर ऐकू येते. आवाज आला की बंद करून, उघडून, धुऊन घ्या, दुर्लक्ष केलं तर दांडा झिजतो. परतीचा झोत वाळूवर नको, नाहीतर तिथे खड्डा पडेल आणि काच उघडी दिसेल. तळाखालचा प्लेट फिल्टर असेल तर वाळू आणि तो एकत्र चालत नाहीत. प्लेट काढा आणि स्पंज किंवा कॅनिस्टर (टाकीबाहेर डब्यात बसणाऱ्या) फिल्टरकडे वळा. आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं कुणी बजावत नाही: क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण आहे. काच पुसायच्या चुंबकात एक दाणा अडकला तरी काचेवर कायमचा ओरखडा येतो. वाळूलगतची पट्टी चुंबकानं पुसूच नका, तिथे पातळ पातं किंवा जुनं प्लॅस्टिक कार्ड वापरा. टाकी अ‍ॅक्रिलिकची असेल तर काळजी दुप्पट.

झाडं वाळूत वाढतात, फक्त वाळू त्यांना काही देत नाही. क्वार्ट्झमध्ये पोषण नाही आणि पाण्यातलं पोषण धरून ठेवायची ताकदही नाही. क्रिप्टोकोरीन, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, व्हॅलिस्नेरिया यांच्या मुळांशी खताच्या गोळ्या खोचा, अगदी तळापर्यंत, आणि दोन-तीन महिन्यांनी नव्या द्या. व्हॅलिस्नेरियासारखी झाडं मुळांवाटे वाळूत ऑक्सिजन सोडतात, त्यामुळे घट्ट मुळं असलेल्या भागात काळेपणा कमी दिसतो. अनुबियास आणि जावा फर्न वाळूत पुरू नका, त्यांचा आडवा कंद कुजतो; लाकडाला बांधा. माती खाली आणि वाळू वर अशी रचना करायची असेल तर वाळूचा थर अडीच-तीन सेंटिमीटर आणि दाणा १ मिलिमीटरच्या जवळचा हवा, म्हणजे खालचे वायू कोंडत नाहीत. जुन्या ग्रॅव्हलवरच वाळू ओतण्याचा मोह मात्र टाळा. काही आठवड्यांत वाळू फटींतून खाली जाते, खडे वर येतात, आणि ग्रॅव्हलमधली जुनी घाण वाळूखाली कायमची गाडली जाते. वायूची भीती जिथे खरी ठरते ती ही रचना.

म्हणून ग्रॅव्हल पूर्ण काढायचं. त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे पाणी बदलताना ग्रॅव्हल खोलवर सायफन करून घ्या, दर वेळी एक भाग. याच काळात वाळू धुऊन ठेवा. पिशवी कोरडी ओतू नका. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते, आधी पाणी मारा, मास्क लावा. बादलीत चार-पाच किलोच घ्या, पाइपचं तोंड तळाशी धरून जोरात पाणी सोडा, हातानं ढवळा, गढूळ पाणी ओता. पाणी नितळ होईपर्यंत हेच. साबण कुठल्याही परिस्थितीत नाही.

बदलायच्या दिवशी टाकीतलं निम्मं स्वच्छ पाणी झाकणाच्या टबात घ्या, मासे त्यात हलवा, हवेचा दगड सोडा. मासे आत ठेवून ग्रॅव्हल उपसू नका. दोन-तीन वर्षांचा गाळ एकदम पाण्यात उठतो. फिल्टरही त्याच टबात चालू ठेवा. टाकीचे उपयोगी जिवाणू बहुतांश फिल्टरच्या माध्यमात, म्हणजे आतल्या स्पंजसारख्या भरणात, असतात, त्यामुळे ते सुकू देऊ नका, आणि पुढचे तीन-चार आठवडे फिल्टर धुऊही नका. मूठ-दोन मूठ जुनं ग्रॅव्हल जाळीच्या पिशवीत बांधून बाजूला ठेवा. मग ग्रॅव्हल काढा, उरलेलं गढूळ पाणी टाकून द्या, तळ पुसा.

आधी दगड आणि लाकूड थेट तळावर मांडा, काचेला ओरखडे नकोत म्हणून खाली पातळ प्लॅस्टिकची जाळी घाला. वाळू नंतर. दगड वाळूवर ठेवले तर उकरणारे मासे खालची वाळू काढतात आणि दगड कलंडतो. वाळू घातल्यावर तिच्यावर एक थाळी ठेवा आणि पाणी थाळीवर हळू सोडा. क्लोरीन घालवलेलं, जुन्या पाण्याच्या तापमानाचं पाणी घ्या. थोडा गढूळपणा येईल. फिल्टरमध्ये फिल्टरसाठीच्या कृत्रिम कापसाचा थर घातला की एक-दोन दिवसांत तो जातो. ग्रॅव्हलची पिशवी महिनाभर टाकीत राहू द्या. पहिला आठवडा खाद्य निम्म्यावर आणा, आणि दोन आठवडे एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून तयार होणारी, माशांना विषारी द्रव्यं) मोजा. आकडा शून्याच्या वर दिसला तर त्याच दिवशी पाणी बदला.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी थर येईल. ते डायटम शेवाळ. सिलिका वाळूमुळे ते येतं असं म्हणतात, पण क्वार्ट्झ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि हे शेवाळ नव्या मांडणीत ग्रॅव्हलवरही येतं. सायफननं वरच्या वर ओढत राहा, काही आठवड्यांत जातं. काचेलगत निळसर हिरवा, बुळबुळीत, उग्र वासाचा पापुद्रा आला तर मात्र ते सायनोबॅक्टेरिया आहेत. तिथे पाणी हलत नाही आणि बाहेरून उजेड पडतोय. त्या काचेच्या खालच्या कडेला बाहेरून काळी पट्टी चिकटवा आणि झोताची दिशा थोडी बदला.

कोरीडोरास सगळ्यात शेवटी आणा, अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य राहिल्यावर. एकाच जातीचे निदान सहा घ्या, जास्त जमले तर आणखी बरं. घेताना प्रत्येकाच्या मिशा बघा. पुढचा काही भाग मोकळा ठेवा, जिथे ना दगड आहे ना झाड, आणि बुडणाऱ्या गोळ्या तिथेच टाका. खाल्लेलं किती, उरलेलं किती, ते तिथे लगेच दिसतं आणि उरलेलं त्याच संध्याकाळी काढता येतं.